मथुराआत्ती घाट उतरते

माझ्या वडिलांची थोरली बहीण मथुरा. आम्ही तिला आत्ती म्हणायचो, शाळेतली मुलं बाई म्हणायची, हुबळीच्या रेल्वे वसाहतीतले शेजारी मथुराक्का म्हणायचे. पण ही बाई घाबरट आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. स्टोव्हला पंप मारताना ती तोंड फिरवून उभी राही. रस्त्यात म्हैस आडवी दिसली तर गल्ली बदली. तारवाल्यानं दारात हाक मारली तर आधी उंबऱ्यावर बसून घेई, मग हात पुढे करी.

आणि हीच आत्ती दरवर्षी नाताळच्या सुट्टीत सायकलला पिशवी बांधून समुद्राकडे निघे. कलघटगी, यल्लापूर, मग आरबैल घाट उतरून खाली किनाऱ्याला. हुबळीत तेव्हा बाईनं सायकलवरून बाजारात जाणं हीसुद्धा बघण्यासारखी गोष्ट होती.

तिच्या भीतीचं मूळ अळणावरला आहे, असं माझे वडील सांगत. आजोबा भरमा तिथं लाकडाच्या वखारीत ओंडके चढवायचं काम करत. छप्पन साली, आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला त्याच हिवाळ्यात, वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली. घरी येऊन आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक, दुर्गव्वाचा मुखवटा आणि हळदीकुंकवाचा करंडा एका धोतरात बांधला आणि ओढ्यात सोडून दिला. आत्ती दहा वर्षांची होती. ती बापाच्या मागोमाग ओढ्यापर्यंत गेली होती. गाठोडं पाण्यात बुडताना तिनं पाहिलं आणि तिथंच तिच्या अंगाला कापरं भरलं.

पुढच्याच पंधरवड्यात माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या केदारीला, गोवर आला. शेजारच्या वाड्यावरची एक म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, “देवीला पाण्यात घातलंत, आता ती पोराच्या अंगात आली.” आजोबा तिच्यावर ओरडले. पण आत्तीनं ते ऐकलं होतं. ती केदारीच्या उशाशी बसून राहिली. त्याच्या छातीवर हात ठेवून, ती वरखाली होते का ते बघत. केदारी बरा झाला. हिंडू-फिरू लागला, पेरूच्या झाडावरून पडून दात पाडून घेतला. दुर्गव्वानं कुणाचं काही केलं नाही. पण काहीतरी होणार म्हणून कान टवकारून बसायची सवय आत्तीला लागली ती लागलीच.

ती शिकली, मराठी शाळेत मास्तरीण झाली, आणि तिचं लग्न परशुराममामांशी झालं. मामा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात फिटर. उंच, मोठ्यानं हसणारा माणूस. त्यांना कशाचीच भीती वाटत नसे आणि ती इतरांना का वाटते हेही कळत नसे. कारखान्यातला एक अँग्लो-इंडियन फोरमन नोकरी सोडून विलायतेला गेला, तेव्हा त्यानं जुनी इंग्रजी मासिकं मामांना दिली होती. त्यातल्या एका मासिकात सायकलवरच्या सुट्टीची छायाचित्रं होती. इंग्लंडातला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण, दगडी पूल, गवतात आडव्या टाकलेल्या दोन सायकली, आणि खाली लांबवर समुद्र. जवळ एक नवराबायको पावाचा तुकडा खात बसलेले.

मामा ते चित्र आत्तीपुढं धरत. “बघ. यांना कुठं जायचं नाही. लग्न नाही, मयत नाही, कामाची हाळी नाही. नुसते हिंडाय निघालेत.”

“मग वाटेत काय झालं म्हणजे?”

“काय होतंय?”

“काय होतंय ते आधी कळलं असतं तर मी विचारलं असतं व्हय?” आत्ती म्हणायची.

आपली माणसं घराबाहेर पडली ती पोटासाठी. मामांना एकदा तरी बिनकामाचं जायचं होतं. त्यांनी आत्तीला कारखान्यामागच्या मैदानात सायकल शिकवली. सपाटीवर ती बरी चालवू लागली. चढावर तर तिला दमच लागत नसे. भीती होती ती उताराची. चाक आपोआप पळू लागलं की ती उडी टाकून खाली उतरे. मामा हसत. “अगं, उतार म्हणजे फुकटचा रस्ता!”

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात ते निघाले. दोन काळ्या सायकली, भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एक सतरंजी, पंक्चरचं सामान. कलघटगीत ओळखीच्या घरी मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी भातशेतं मागं पडली, सागवान सुरू झालं, आणि आत्तीच्या मनावरचं दडपण वाढत गेलं. जंगलाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती माणसांची होती. अनोळखी गावात पाणी मागायचं म्हणजे तो प्रश्न येणारच.

एका कौलारू घराशी मामांनी पाणी मागितलं. बाईनं तांब्या हातात धरला आणि विचारलं, “याव मंदी री नीवु?” कुठल्या लोकांपैकी तुम्ही?

“बौद्ध,” मामा मोकळेपणानं म्हणाले.

तिला शब्द कळला नाही. तिनं दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मग, कळलं नसूनही कळल्यासारखं, तांब्या उंच धरून वरून धार सोडली. मामांनी ओंजळ धरली, पोटभर प्याले, तोंड पुसलं. आत्तीनं ओंजळ पुढे केलीच नाही. पुढं ओढा लागेपर्यंत ती कोरड्या घशानं सायकल मारत राहिली. मामांनी विचारलं, “राग आला?” ती म्हणाली, “राग नाही. उद्या आपल्याला कुणाची गरज लागली तर, ह्याचं भ्या वाटलं.”

यल्लापुरात एका शाळेच्या पडवीत ते राहिले. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना घाट लागला.

आरबैल घाट तेव्हा आतासारखा रुंद नव्हता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला झाडांनी भरलेली दरी. झाडी इतकी दाट की उन्हाचे कवडसे रस्त्यावर नाण्यांसारखे पडलेले. अधूनमधून लाकडाचा ट्रक गुरगुरत वर येई आणि तो गेला की नुसता किड्यांचा आवाज. आत्ती पहिल्याच उताराला खाली उतरली.

“मी चालत येते.”

“अख्खा घाट?”

“अख्खा.”

मामा हसले. “बरं. मी हळूहळू जातो, वळणावळणावर थांबतो.” आणि ते निघाले. दोन वळणांवर ते खरंच थांबलेले दिसले. एकदा तर रस्त्याकडेच्या दगडावर बसून बिडी ओढत होते. तिला बघून त्यांनी हात हलवला आणि पुन्हा सायकलवर टांग टाकली.

पुढच्या वळणाकडून ट्रकचा भोंगा आला. लांबलचक, चिडका. मग इंजिनाचा आवाज, मग ट्रक तिच्या बाजूनं वर निघून गेला. ड्रायव्हरनं तिच्याकडं पाहिलंही नाही. ती वळणावर आली. मामा नव्हते.

तिनं पुढच्या वळणापर्यंत नजर टाकली. रस्ता रिकामा. आधी तिला वाटलं, पुढं गेले असतील. मग तिला कडेच्या मातीत चाकाची रेघ दिसली. रेघ सरळ दरीच्या काठापर्यंत गेली होती आणि तिथं मोडलेल्या कारवीचे हिरवे दांडे लोंबत होते.

आत्ती मला हे पुढं कितीदा तरी सांगायची, आणि इथं आली की दरवेळी थांबायची. “हाक मारायची होती, पण मारवेना. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर? मारली नाही तोवर ते जिवंत होते ना.”

शेवटी तिनं हाक मारली. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा खालून कण्हल्याचा आवाज आला.

बरंच खाली, एका झाडाच्या बुंध्याला मामा अडकले होते. सायकल त्याहून खाली कुठंतरी गेली होती. आत्ती मुळ्यांना धरून, बसत, घसरत त्यांच्यापर्यंत पोचली. डाव्या मांडीशी पाय भलत्याच बाजूला वळला होता. विजार रक्तानं भिजत होती. तिनं पदराची पट्टी फाडून घट्ट बांधली. मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि त्यांचे दात वाजत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत ते पाहिलं, जे रोज आरशात तिच्या डोळ्यांत असे.

“मथुरा, मला टाकून जाऊ नको.”

“माणसं आणायला पायजेत.”

“ट्रक येईल. थांब.”

ती वर चढून आली, रस्त्यावर उभी राहिली. ट्रक आला नाही. कवडसे रस्त्यावरून सरकत झाडांच्या खोडांवर चढायला लागले होते. थोड्या वेळानं उजेडच उरणार नव्हता, आणि उजेड नसला तर या दरीत माणूस सापडणार नव्हता. वर माघारी चढावा तर वस्ती लांब. घाटाच्या पायथ्याशी चहाचं खोपटं आहे, असं यल्लापुरात कुणीतरी सांगितलं होतं. चालत गेली तर अंधार पडणार.

तिनं ओरडून खाली सांगितलं, “मी जाऊन येते!” आणि उत्तराची वाट न बघता सायकलवर बसली. काठाशी खूण म्हणून सतरंजी झाडाला बांधायची तेवढी शुद्ध तिला राहिली होती.

तो उतार तिनं कसा काढला ते तिचं तिलाच नीट सांगता येत नसे. दोन्ही ब्रेक इतके आवळले होते की बोटं बधिर झाली. रबर जळाल्याचा वास येत होता. चाक पळू लागलं की ती तोंडानं “हं, हं, हं” असा आवाज काढी, ओढाळ बैलाला आवरावं तसा. प्रत्येक वळणाला वाटे, इथंच. प्रत्येक वळण संपलं की वाटे, आता पुढचं. डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडं जात होतं.

एका वळणापलीकडं रस्त्यात गवा उभा होता.

काळाभोर, खांद्याला डोंगराएवढा उंचवटा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. तिनं ब्रेक दाबले, सायकल आडवी झाली, ती गुडघ्यावर पडली. गव्यानं मान वळवून पाहिलं. त्याच्या नाकपुड्यांतून निघणारा श्वास तिला ऐकू येत होता. ती उठली नाही, ओरडली नाही. हात जोडले गेले होते. कोणापुढं, ते तिला कळेना. ज्या दुर्गव्वाला बापानं ओढ्यात सोडलं तिचं नाव ओठांवर आलं, ते तिनं गिळलं. बुद्धाचं घ्यावं तर शब्द आठवेना. मग ती त्या जनावरालाच कन्नडमध्ये म्हणाली, “अप्पा, दारी बिडप्पा.” बापा, वाट सोड रे बाबा.

गव्यानं काही तिचं ऐकलं असं नव्हे. तो त्याच्या सवडीनं उभा राहिला, शेपटीनं माशा हाकल्या आणि मग झाडीत शिरला. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो आवाज थांबेपर्यंत थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. गुडघ्यातून रक्त येत होतं, हँडल वाकडं झालं होतं, ती तशीच निघाली.

खोपट्याशी पाचसहा माणसं चहा पीत होती. तिनं धापा टाकत सांगितलं. माणसं उठली. चहावाल्यानं कंदील शोधला. आणि मग त्यांच्यातल्या एकानं, वाईटपणानं नव्हे, नुसत्या सवयीनं, तो प्रश्न विचारला. कुठल्या तुम्ही? कुठल्या लोकांपैकी?

आत्ती सांगायची, की त्या क्षणी तिनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. एखादं दुसरं, चालणारं नाव सांगावं, माणसं निघतील, नवरा वाचेल. नाव जिभेवर आलं होतं. पण भीतीनं जीभच वळेना, आणि जे वळलं ते खरं निघालं. “बौद्ध. आधीचे महार. माणूस दरीत पडलाय, रक्त चाललंय.”

एकजण पुन्हा बाकावर बसला. दुसऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. चहावाला कंदील हातात घेऊन उभा राहिला. एवढ्यात बाजूला, थोडं अंतर ठेवून बसलेले दोघं उठले. लाकूडतोडे होते, पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या सिद्दी लोकांपैकी. काळे, कुरळ्या केसांचे. त्यांचा चहाही वेगळ्या कपातून होता, हे आत्तीला नंतर आठवलं. थोरल्याचं नाव बस्त्यांव.

“खंय पडलो बाये?” त्यानं त्यांच्या कोकणीत विचारलं, कुठं पडला म्हणून, आणि उत्तर यायच्या आत कोयता कमरेला लावला.

बस्त्यांव निघाला तसा चहावालाही निघाला. मग अजून एकजण. बसलेला होता तो बसूनच राहिला. वर जाणारा रिकामा ट्रक त्यांनी हात करून थांबवला, सगळे त्यात चढले. आत्ती ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक वळण बघत होती. सगळी वळणं सारखी दिसत होती. “चुकले असते तर” हा विचार तिला पुढं वर्षानुवर्षं झोपेतून उठवत असे. सतरंजी दिसली तेव्हा उजेड जेमतेम उरला होता.

बस्त्यांवनं दोन बांबू तोडले, त्याच्या घोंगडीची झोळी केली आणि मामांना वर आणलं. झोळी हलली की मामा किंचाळत. त्या दरीत तो आवाज घुमे, आणि आत्ती कानांवर हात ठेवून रस्त्यावर बसून राही. बस्त्यांवनं घोंगडी परत घेतली नाही. ती रक्तानं भरली होती म्हणून नव्हे. “कारवारचे वाटेर थंड आसता,” कारवारच्या वाटेवर थंडी असते, एवढंच म्हणाला.

कारवारच्या दवाखान्यात मामांचा पाय वाचला, पण आखूड राहिला. दवाखान्यातून समुद्राचा आवाज येई. आत्तीला तो सुरुवातीला ट्रकसारखा वाटे, आणि ती दचकून उठे. कितीतरी दिवस ती तिकडं गेलीच नाही. मामांनीच एकदा म्हटलं, “आपण ज्याच्यासाठी आलो ते बघून तरी ये.”

ती गेली. ओल्या वाळूवर उभी राहिली. लाट पायाखालची वाळू ओढून न्यायला लागली तशी तिला वाटलं, जमीनच सरकतेय. ती मागं पळाली. मग पुन्हा पुढं गेली. असं किती वेळ केलं कुणास ठाऊक. परत येऊन मामांना म्हणाली, “लई मोठा आहे. आणि थांबतच नाही.”

घरी आल्यावर मामा बदलले. हसणं राहिलं नाही. आत्ती भाजीला गेली तरी ते काठी टेकत दारात उभे राहत. सायकलची घंटी ऐकली की त्यांच्या कपाळाला घाम येई. पुढच्या वर्षी नाताळची सुट्टी जवळ आली आणि आत्तीनं सायकल पुसायला काढली, तेव्हा त्यांनी सायकलचं हँडल धरून ठेवलं.

“तुला वेड लागलंय काय? मी पडलो ते बघितलंस ना?”

“बघितलं.”

“भीती वाटत नाही?”

“वाटतेय की,” आत्ती म्हणाली. “पण भीती तुम्हाला नवी आहे. माझा तिच्याशी जुना संसार आहे.”

मामांनी हँडल सोडलं नाही. शेवटी मामाच रडायला लागले, आणि मग असं ठरलं की तिनं शाळेतल्या यमुनाबाईंना सोबत घ्यावं आणि मामांनी एसटीनं पुढं जाऊन प्रत्येक मुक्कामी थांबावं. यमुनाबाई धीराच्या, बडबड्या. त्या दोघींनी कितीतरी वर्षं तो रस्ता केला. कधी कारवार, कधी अंकोल्याहून दक्षिणेला होडीत सायकली घालून नदीपार. पाणी मागताना प्रश्न येई. आत्ती उत्तर देई. कुणी तांब्या हातात देई, कुणी वरून ओती, कुणी आत निघून जाई. दरवेळी तिचं काळीज तेवढंच धडधडे. बस्त्यांवच्या झोपडीशी ती थांबे, त्याच्या बायकोला लुगडं देई. एका वर्षी झोपडी रिकामी होती. लाकूडतोडीचं काम संपून ती माणसं कुठं गेली, ते कुणाला सांगता आलं नाही.

मामा गेल्यावर एकदा मी तिच्याबरोबर गेले. मी कॉलेजात होते, ती पन्नाशीकडं झुकलेली. घाट सुरू झाला तशी माझी बडबड वाढली. तिनं मागं न बघता म्हटलं, “गप बस गं जरा. मला भ्या वाटतंय.”

तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. बोटं ब्रेकवर पांढरी पडली होती. मी म्हटलं, “आत्ती, चालत जाऊया ना.”

पुढून ट्रकचा भोंगा आला. तिनं सायकल कातळाच्या अंगाला घेतली, ट्रक जाऊ दिला, आणि उतरत राहिली. मी तिच्या मागं.